‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरू नकोस गं

अगं, आधी ते पायथन पुन्हा इन्स्टॉल करणं थांबव बघू. परवापर्यंत मुकाट चालणारी स्क्रिप्ट आज ‘परमिशन डिनाइड’ म्हणतेय, आणि तू कोडमधला एकेक कंस तपासत बसलीयेस. खरं सांगू का, तुझ्या कोडला काही झालेलं नाही.

पहिलं बघ, स्क्रिप्ट जिच्यात लिहिते ती रिपोर्टची फाईल एक्सेलमध्ये उघडी तर नाही ना? उघडी असली की एक्सेल तिच्यात दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. (माझं विचारूच नकोस. फाईल समोर उघडी आणि मी कोडवर डाफरतेय!)

फाईल बंद असूनही अडत असेल, तर संशय विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसवर घे. विंडोज १० मध्ये २०१७ साली त्यात ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आलं. खंडणी मागणाऱ्या व्हायरसनी तुझे फोटो, कागदपत्रं अडकवू नयेत म्हणून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला ते लिहू देत नाही. एरवी ते बंद असतं. ऑफिसचं आयटी नाहीतर घरातला एखादा उत्साही भाऊ चालू करून ठेवतो. वाचायला मात्र ते आडकाठी करत नाही! म्हणून तर स्क्रिप्ट डेटा छान उचलते आणि सेव्ह करताना तोंडावर पडते. कधी एरर चक्क ‘फाईल सापडली नाही’ अशी येते, मग तर डोकंच फिरतं. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करूनही उपयोग नाही. फ्लॅट तुझा असला तरी तुझ्याकडे आलेल्या नव्या माणसाला वॉचमन गेटवर अडवतोच ना!

विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघड. तिथे पायथनचं नाव आणि तुझ्या एररचीच वेळ दिसली, की चोर सापडला.

पायथनला तिथूनच परवानगी देता येते. पण बघ, मग त्यावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला मोकळं रान, नेटवरून उचललेल्यासुद्धा. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर ‘रिपोर्ट’ नावाचा साधा फोल्डर कर आणि सेव्हचा पत्ता बदल. एका ओळीचं काम आहे, तुला सहज जमेल. डिफेंडरच बंद करून टाकायचा नाही हं, सांगून ठेवते.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर सेटिंगला हात लावू नकोस. आयटीला वेळ, फाईलचा पत्ता आणि इव्हेंट व्ह्यूअरमधली अडवल्याची ११२३ नंबरची नोंद पाठव. नुसतं ‘चालत नाहीये’ लिहिलंस, तर ते तुला रीस्टार्टच करायला लावतील.