निळीचे दादन

बंगालमधील नदिया व जेसोर या जिल्ह्यांत गोरे मळेवाले स्वतः शेती थोडीच करीत. बरीचशी नीळ रयतेच्याच जमिनीत पिके. मळेवाला शेतकऱ्यास थोडी रक्कम अगाऊ देई. तीस ‘दादन’ म्हणत. ते एकदा घेतले की उत्तम जमिनीत भाताऐवजी नीळ पेरणे भाग पडे. पीक कोठीवर नेल्यावर बियाणे, गाडीभाडे, कराराचा मुद्रांक, सारे वजा होई. भाव इतका अल्प की दादन फिटतच नसे. बापाचे कर्ज मुलाच्या नावे चढे. नकार देणाऱ्यास कोठीत डांबून मारहाण होई. यास करार म्हणावे तरी कसे?

१८५९ साली चौगाछा गावच्या विष्णुचरण व दिगंबर विश्वास यांनी रयतेस पेरणी नाकारावयास सांगितले. दोघेही पूर्वी कोठीचेच नोकर असल्याने तेथील हिशेब ते जाणून होते. मळेवाल्यांचे लाठीवाले चालून आले, तरी गावोगावी पेरणी थांबली. अखेर १८६० मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्यास १८६१ मध्ये एक महिना कैद व १००० रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली.