ई-टपालाचे दप्तर
(इयत्ता ७ वी व ८ वीसाठी व्यवहारोपयोगी पाठ)

पाठाचा हेतू : व्यवसायातील ई-मेल जपून ठेवण्याची व्यवस्था कशी निवडावी व कशी वापरावी, याची समज विद्यार्थ्यांस देणे.

प्रास्ताविक : शाळेचे दप्तर कसे ठेवावे, हे शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. आलेले पत्र आवक बारनिशीत नोंदले जाते, त्यास क्रमांक मिळतो व ते योग्य त्या संचिकेत लागते. गेलेल्या पत्राची स्थळप्रत राहते. मुख्याध्यापकांची बदली झाली, तरी नव्या मुख्याध्यापकांस कपाट उघडताच मागील व्यवहार कळतो. ई-मेलच्या बाबतीत मात्र पत्र आपोआप राहते, अशी अनेकांची समजूत असते. पत्र पडून राहणे व पत्र जतन होणे यांत अंतर आहे. ते विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे, हे या पाठाचे मुख्य सूत्र होय.

उदाहरण : पिंपळी गावातील काही द्राक्षबागाईतदारांनी एक उत्पादक कंपनी स्थापन केली, अशी कल्पना करावी. परदेशी व्यापाऱ्याशी भाव व माल पोचविण्याची तारीख ई-मेलनेच ठरली. हा पत्रव्यवहार कंपनीचा कारकून स्वतःच्या व्यक्तिगत खात्यातून करीत असे. पुढे तो नोकरी सोडून गेला. दोन हंगामांनंतर व्यापाऱ्याने ठरलेला भाव नाकारला. पुरावा होता, परंतु तो ज्या खात्यात होता त्याचा पासवर्ड कंपनीपाशी नव्हता. वर्षभराच्या कष्टाचे मोल एका न सापडणाऱ्या पत्रात अडकले. येथे कारकुनाने लबाडी केलेली नाही. दोष व्यवस्थेचा आहे, हे मुलांस आवर्जून सांगावे.

अशा खात्यांचे नियमही समजावून द्यावेत. जीमेलमध्ये कचरापेटीत टाकलेले पत्र ३० दिवसांनी कायमचे नष्ट होते; आणि दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते गूगल काढून टाकू शकते.

इतिहासाचा दाखला : पेशवाई १८१८ मध्ये संपली, तरी तिचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले राहिले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. लिहिणारे कारकून केव्हाच गेले होते. परंतु कागद दप्तराचे होते, कारकुनाच्या घरचे नव्हते, म्हणून ते पुढील पिढ्यांस पाहावयास मिळाले. ई-टपालासही हाच नियम लागू आहे.

विषयप्रतिपादन : यंत्र बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून काढलेली प्रत, म्हणजे बॅकअप, व अभिलेख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॅकअप हा ठराविक वेळी काढलेला साठा असतो. त्यापूर्वीच कोणी पत्र खोडले, तर ते त्यात येत नाही. अभिलेखात प्रत्येक पत्राची प्रत ते येता-जाताच वेगळ्या कोठारात जाऊन पडते. आवक बारनिशीप्रमाणेच येथेही नोंद आधी व हाताळणी नंतर, असा क्रम असतो. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या आपल्या जवळही आहेत. पुण्यातील मिथि सॉफ्टवेअर ही त्यांपैकी एक होय. कोणतीही सेवा घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. पत्ता कोणाचा? खाते व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे असावे. व्यवस्थापनाचे अधिकार किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत.

२. प्रत केव्हा पडते? वापरणाऱ्यास पत्र खोडता येण्यापूर्वीच ती पडली पाहिजे.

३. फेरफार ओळखू येतो काय? प्रत्येक पत्रावरून ‘हॅश’ नावाची गणिती खूण काढता येते. एक अक्षर बदलले तरी ती खूण बदलते. पत्र कोणी व केव्हा पाहिले, याचीही नोंद राहावी.

४. पत्र सापडते काय? नाव, तारीख, विषय व जोडपत्रातील मजकूर यांवरून शोध घेता यावा. हा शोध देवनागरीत करून पाहावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधील मराठी मजकूर सामान्य शोधात सापडत नाही.

५. सेवा सोडताना सर्व पत्रे सर्वमान्य स्वरूपात परत मिळतात काय? हे न विचारता केलेला स्वस्त करार पुढे महाग पडतो.

किती काळ ठेवावे? सर्वच पत्रे सर्वकाळ ठेवणे हे जतन नव्हे. शासकीय कार्यालयांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, तर ‘ड’ वर्गाचे १ वर्ष ठेवतात. तीच दृष्टी येथेही हवी. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये हिशेबाची पुस्तके त्यांच्या पावत्यांसह ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. भाव ठरविणारी पत्रेही निदान तितका काळ ठेवावीत. वादात असलेले पत्र मुदत संपली तरी नष्ट करू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ प्रमाणे, जतन केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे पाहता आला पाहिजे. तो मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे. आणि तो कोठून, कोणास व केव्हा गेला, हे त्यावरून कळले पाहिजे. न्यायालयात तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

वापराची शिस्त : उत्तम व्यवस्थाही आळसाने निकामी होते. प्रत्येक पत्रास स्पष्ट विषय द्यावा. खाजगी पत्रे संस्थेच्या खात्यातून पाठवू नयेत. पत्रे जतन होतात, याची सर्व सेवकांस आधीच जाणीव द्यावी. दरमहा एक जुने पत्र शोधून काढून व्यवस्थेची परीक्षा घ्यावी. पदभार सोपविताना किल्ल्यांबरोबर खात्याचेही हस्तांतर करून तशी लेखी नोंद ठेवावी.

वर्गकार्य : वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येकास वीस पत्रे द्यावीत. एका गटाने ती बारनिशीत नोंदवून वर्गवार लावावीत. दुसऱ्याने नुसती पेटीत टाकावीत. आठवड्यानंतर, ज्यांनी ती ठेवली नाहीत अशा मुलांकडून प्रत्येक गटातील तीन पत्रे शोधवून घ्यावीत व लागलेला वेळ फळ्यावर लिहावा. निष्कर्ष मुलांनीच सांगावा.

स्वाध्याय :
१. बॅकअप व अभिलेख यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पिंपळीच्या उदाहरणातील कंपनीने पहिल्याच दिवशी कोणत्या तीन गोष्टी करावयास हव्या होत्या?
३. घरी आलेल्या दहा कागदांची ‘कायम’, ‘काही वर्षे’ व ‘एक वर्ष’ अशी विभागणी करून कारणे लिहा.

शिक्षकांसाठी सूचना : पाठ घेण्यापूर्वी आपल्या शाळेचे ई-मेल खाते कोणाच्या नावे आहे व त्याचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे, हे पाहून घ्यावे. ते एकाच व्यक्तीच्या हाती असेल, तर पाठाचा आरंभ शाळेच्या कार्यालयापासूनच करावा.