आकडा कशाचा, ते आधी सांगा

शेततळ्यांच्या जागा शोधण्यासाठी आमच्याकडे एक तयार स्क्रिप्ट आली होती. तिला उताराचं रास्टर आणि ओढ्यांची लेयर द्यायची, शिवाय दोन आकडे भरायचे. जमिनीचा उतार जास्तीत जास्त किती टक्के चालेल आणि ओढ्यापासून किमान किती मीटर लांब राहायचं. आम्ही 5 आणि 30 भरले. टूल विनातक्रार चाललं, नकाशा तयार झाला. यादीतली पहिली जागा पाहायला गेलो, तर ती थेट डोंगराच्या कडेला, ओढ्याला खेटून. तिथला उतार 30 टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्या उतारावर 30 मीटर लांबीचं तळं खोदायचं, तर त्याच्या दोन टोकांच्या पातळीत 9 मीटरचा फरक पडतो. तिथे तळं होणं शक्यच नव्हतं.

टूल आर्कजीआयएस प्रोमधलं होतं. तिथे स्क्रिप्ट पॅरामीटर वाचते ते क्रमांकाने, आणि मोजणी शून्यापासून. कुणीतरी मधल्या काळात टूलच्या खिडकीतले रकाने वरखाली केले होते, स्क्रिप्टमधले क्रमांक मात्र जुनेच राहिले. दोन्ही रकाने साध्या संख्येचे. त्यामुळे उताराला 30 मिळाले, अंतराला 5, आणि सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. स्क्रिप्ट बंद पडली असती तर बरं झालं असतं. चुकीचा नकाशा बिनचूक नकाशाइतकाच देखणा दिसतो, भीती त्याचीच वाटते.

म्हणून टूल बनवणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, पॅरामीटरचा प्रकार शक्य तितका नेमका निवडा. अंतरासाठी नुसती संख्या नको, ‘लिनियर युनिट’ घ्या. मग स्क्रिप्टच्या हाती ‘30 मीटर’ असा एककासह मजकूर येतो. आमच्या स्क्रिप्टने तो उताराच्या जागी संख्या म्हणून वाचायला घेतला असता, तर ती तिथल्या तिथे थांबली असती. उताराला ‘रेंज’ फिल्टर लावा, म्हणजे 10 च्या जागी 100 टाइप झालं तरी टूल सुरूच होणार नाही. पायथन टूलबॉक्स लिहीत असाल, तर क्रमांकांवर विसंबू नका. सुरुवातीलाच सगळे पॅरामीटर त्यांच्या नावांनिशी एका डिक्शनरीत भरून घ्या. खिडकीत दिसणारं शीर्षक मराठीत खुशाल ठेवा, हवं तेव्हा बदला. आतलं नाव मात्र एकदा ठरलं की हलवू नका, कारण इतरांच्या स्क्रिप्ट त्याच नावाने तुमच्या टूलला हाक मारतात.

होय-नाहीचा चौकोनही नीट सांभाळा. मजकूर म्हणून वाचला, तर टिक नसताना ‘फॉल्स’ हा शब्द हाती येतो. पायथनच्या लेखी कोणताही रिकामा नसलेला मजकूर खराच. म्हणजे टिक काढूनही काम होतच राहतं! ‘ट्रू’ या शब्दाशी तुलना केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्यूजीआयएसमध्ये पॅरामीटर नावानेच मागवावे लागतात, म्हणून क्रमाचा घोळ तिथे होत नाही. एककाचा होतो. लेयर अक्षांश-रेखांशात असेल, तर बफरमधले 30 म्हणजे 30 अंश. सगळा महाराष्ट्र पूर्व-पश्चिम जेमतेम 8 अंशांचा. अंतरासाठी तिथे ‘डिस्टन्स’ प्रकार वापरा आणि तो इनपुट लेयरशी जोडा. मग रकान्याशेजारी एकक दिसतं आणि लेयर अंशांत असेल तर इशाराही मिळतो. इशारा मिळाला की लेयर मीटरच्या प्रणालीत बदलून घ्या. पुण्याला यूटीएम 43 चालेल, नागपूरला 44 लागेल. 78 अंश रेखांशावर दोन्हींची हद्द आहे, त्यामुळे राज्यभर वापरायच्या टूलमध्ये झोन स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवू नका. त्यालाही स्वतंत्र पॅरामीटर द्या.