उपदेशाची भाषा : ऑर्गान्याची प्रवचने आणि 'दृष्टांतपाठ'

मराठी गद्याचा आरंभ शिकविताना 'लीळाचरित्र' आणि 'दृष्टांतपाठ' हे ग्रंथ जणू एकाकी उभे आहेत, अशी आपली मांडणी असते. धर्म लोकभाषेत सांगावा की न सांगावा, हा प्रश्न अन्यत्रही उपस्थित झाला होता. त्याच्याशी ताडून पाहता आपल्या ग्रंथांचे वेगळेपण अधिक नेमके उमगते.

कॅटलान भाषेचे उदाहरण घेऊ. पिरेनीज पर्वतराजीतील ऑर्गान्या गावच्या धर्मगुरुनिवासात 1904 साली मिरेत इ सान्स या संशोधकास सहा प्रवचनांचे हस्तलिखित सापडले. बाराव्या शतकाच्या अखेरीचे वा तेराव्याच्या आरंभीचे हे लेखन त्या भाषेतील अगदी आरंभीचे वाङ्मयीन गद्य होय. प्रवचन लोकांच्या बोलीत करावे, असे तूर येथील धर्मसभेने 813 मध्येच म्हटले होते. या प्रवचनांत आधी लॅटिन वचन येते, मागून कॅटलानमध्ये त्याचा अर्थ व उपदेश येतो. बोली येथे अर्थ सांगते. प्रामाण्य मात्र लॅटिनकडेच राहते.

केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'ची घडण वरवर अशीच वाटते : सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. परंतु येथे सूत्रच मराठी आहे. सूत्र आणि दृष्टांत श्रीचक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. म्हणजे मूळ वचन व त्याचे विवरण दोन्ही एकाच भाषेत. केसोबास संस्कृतचे जाणकार होते. त्यांना संस्कृतात लिहू न देण्यामागे, पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानास मुकतील, ही नागदेवाचार्यांची चिंता होती, असे 'स्मृतिस्थळ' सांगते. लोकभाषेच्या पुरस्काराचे इतके घरगुती कारण क्वचितच नोंदले गेले असेल!

असे असता आपल्या पाठ्यपुस्तकांत दृष्टांत तेवढे 'गोष्टी' म्हणून उचलले जातात आणि दार्ष्टांतिक गळते. आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती मग बालकथेपुरता उरतो. ही केवळ संपादनाची काटछाट नव्हे. ग्रंथाचे प्रयोजनच त्यात हरवते.

दुसरा भेद परंपरेचा. ऑर्गान्याच्या अभ्यासकापुढे एकच हस्तलिखित असते. म्हाइंभटांची 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत मात्र परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून लीळा पुन्हा जुळविल्या. अनेक पाठ त्यातून आले. पुढे सांकेतिक लिप्यांमुळे हे वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना अपरिचितच राहिले. तेव्हा वि. भि. कोलते यांची 1978 ची आवृत्ती हाती घेतानाही 'मूळ शब्द' हा प्रयोग जपूनच करावा.

वर्धा आणि वैनगंगेच्या मधल्या गोंडपिपरी तालुक्यात झाडीबोली, गोंडी व तेलुगू कानी पडतात. येथील विद्यार्थ्याला जुन्या मराठीतील एखादे रूप घरच्या बोलण्याजवळचे वाटले, तर प्राध्यापकाने त्यावर 'अशुद्ध' असा शेरा मारण्यापूर्वी पोथी उघडावी. मात्र उच्चारसाम्यावरून लगेच व्युत्पत्ती ठरवू नये. रूप कोणत्या पाठात, कोणत्या लीळेत येते, हे आधी नोंदवून घ्यावे.