पाचवे शील आणि तिसरी रात्र



दीक्षा घेतली की देव्हारा उतरतो, उपास-तापास थांबतात, घरात बुद्धवंदना सुरू होते. या गोष्टी एका दिवसात होतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचे दारू सोडणे मात्र तसे नाही. ते एका दिवसात, कोणालाही न विचारता करायला गेले तर कधी कधी माणूस दगावतो. आजच्या पाठात पाचव्या शीलाचा विचार या बाजूने करू.

समजा, दहा-पंधरा वर्षे सकाळी उठल्यापासून पिणाऱ्या एका उपासकाने भंतेजींसमोर पंचशील घेतले आणि त्याच दिवसापासून बाटली बंद केली. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, झोप लागत नाही. घरचे म्हणतात, उतरते आहे, उतरू द्या. एखाद्याला पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो अंगावरचे नसलेले किडे झटकू लागतो, घरात नसलेल्या माणसांशी बोलतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. अशा वेळी घरातली म्हातारी काय म्हणते? ‘देव टाकला, त्याचा कोप झाला.’ मग रातोरात भगताला निरोप जातो, कोंबडे कापले जाते, आणि बावीस प्रतिज्ञांतील निम्म्या एका रात्रीत मोडतात. म्हातारीवर रागावू नका. तिला खरे कारण कोणी सांगितलेलेच नसते.

कारण साधे आहे. दारू मेंदूला सुस्त करते. रोजच्या दारूखाली दबलेला मेंदू आपले काम चालू ठेवण्यासाठी स्वतःला सतत ताणून धरतो. दारू एकदम थांबली की दाब जातो आणि ताण तेवढाच राहतो, म्हणून तो उसळतो. डॉक्टर या स्थितीला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास तीत मृत्यू येऊ शकतो. उपचार मात्र आहे. मेंदूचा ताण उतरवणाऱ्या गोळ्या ठराविक मात्रेत देऊन काही दिवसांत कमी करत नेतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवून घेऊ नका. बी-१ आधी न देता ग्लुकोज दिले, तर उपाशी राहून पिणाऱ्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. अधूनमधून पिणाऱ्याला हे भय नाही, त्याने आजच सोडावी.

आता कोणी विचारील, शील मोडणाऱ्याला रोगी म्हटले तर शीलाचे मोल काय राहिले? याचे उत्तर धम्मातच आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले, त्यांत धनहानी, कलह, अपकीर्ती यांच्या बरोबरीने रोगही मोजला आहे. विनयपिटकात सागत भिक्खूची हकीकत येते. मोठ्या योग्यतेचा हा भिक्खू. कोसंबीच्या उपासकांनी त्याला श्रद्धेपोटी घरोघरी दारू वाढली आणि तो नगराच्या वेशीशी कोसळला. तथागतांनी त्याला तेथे पडू दिले नाही, भिक्खूंकरवी उचलून विहारात आणवले. त्यानंतर मद्यपानाविरुद्ध नियम केला. नियम कडक आहे, पण माणसाला आधी उचलले आहे, हा क्रम ध्यानात ठेवा. शीलाला पालीत ‘सिक्खापद’ म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. आपण ते प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. घसरलेल्यानेही ते पुन्हा घ्यावे, यात लाज कसली? तरीही काही ठिकाणी मंडळाचे कार्यकर्ते अशा माणसाला विहाराची पायरी चढू देत नाहीत. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही, म्हणून याचे अधिक वाईट वाटते.

कारण पिणारा कोण आहे हे पाहून त्याला वागवण्याची रीत समाजात आधीच आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने प्रकृतीच्या कारणासाठी दारूचे परवाने ठेवले. ज्याला डॉक्टरची शिफारस मिळाली त्याची दारू औषध ठरली, आणि झोपडपट्टीतल्या हातभट्टीच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला पोलिसांची गाडी आली. बंगल्यातला मुलगा खासगी रुग्णालयात ‘विश्रांतीसाठी’ जातो, वस्तीतला मुलगा कोठडीत जातो. गटारात उतरणारा सफाई कामगार घाणीचा वास सहन व्हावा म्हणून पितो. त्याला व्यसनी म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्याच्या हाती यंत्र देणारे थोडे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली होती, आणि मेल्यावरही त्यांनाच बोल लावला गेला.

ही रीत आपल्याच देशापुरती नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची कैद दिली, तीच कोकेनची पूड विकणाऱ्याला ५०० ग्रॅमला. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेलेले बहुसंख्य काळे होते. हे प्रमाण २०१० मध्ये कमी झाले, तरी १८ पट उरले.

आपल्याकडचा हिशेबही पाहा. दिल्लीच्या एम्स संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. पिणाऱ्या बाईचे तर घरातले नावच काढत नाहीत. तिला दवाखान्यात नेले तर गाव काय म्हणेल, या भयाने ती आतल्या खोलीत झिजते. नवऱ्याला रोगी आणि बायकोला बदफैली ठरवणारे घर पंचशील पाळते असे कसे म्हणावे?

भगिनींना एक निक्षून सांगायचे आहे. ‘नकळत दारू सोडवणारी’ गोळी किंवा पूड चहात, भाजीत घालू नका. तिच्यात डायसल्फिराम हे औषध असू शकते. ते पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. तुम्ही त्रासून हे करता, हे कळते. पण त्याने उद्या विष घातल्याचा आरोप केला तर तुमची बाजू कोण घेईल?

जायचे कोठे? जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात आधी जा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्या अनेक शहरांत भरतात, तेथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांना आडनाव सांगताना जे वाटते, ते पाहता ही सोय लहान नाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉन या वेगळ्या सभा असतात. औषधाने शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते, मनाला महिने लागतात, आणि त्या काळात एक-दोनदा पाय घसरणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. रोज किती आणि कोणती दारू, शेवटचा घोट कोणत्या दिवशी किती वाजता, आणि पूर्वी सोडली असता फिट किंवा भास झाले होते का. रोग्याला लाज वाटत असेल तर तो बाहेर बसू दे, तुम्ही आत जाऊन सांगा. रात्री फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नका, आणि गाडी बोलवा.