आपले शहर कोण आखते?



होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. आधी गल्लीबोळ पायी हिंडून पाहावेत, मगच नकाशा काढावा, ही त्यांची पद्धत.

आज हे काम तिघांत वाटलेले आहे. १९७३ च्या कायद्यानुसार विकास आराखडा नगर तथा ग्राम निवेश विभाग करतो, नव्या वसाहतींच्या योजना विकास प्राधिकरण राबवते, तर पाणी, गटारे, कचरा महापालिका पाहते.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. खेळाच्या मैदानावर रस्ता दाखवला असेल, तर तेव्हाच लेखी कळवावे. मंजुरीनंतर बदल फार अवघड. पालकांनी मुलांसह तो नकाशा अवश्य पाहावा.

उपक्रम : आपल्या गल्लीतील झाडे, विहीर, मैदान दाखवणारा नकाशा काढा.