खोडरबर आणि एकतीस ऑगस्ट

आधीच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचा. मराठी बोलतो व्यवस्थित, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी भांडतात. "तू लिही, चुका मी बघते," असं मॅडम म्हणाल्या, म्हणून हे धाडस. विषय खेळाचा आहे, पण सुरुवात एका खोडरबरापासून करतो.

गेल्या वर्षीची आपली हॉस्टेल लीग आठवा. टेनिस बॉल, आठ ओव्हर, मेसच्या मागचं ग्राउंड. आमच्या विंगची यादी माझ्याकडे होती, कारण माझं अक्षर बरं. साखळीतले पाचही सामने एक फर्स्ट इयरचा पोरगा खेळला. बॉलिंग साधीच, पण लाइन सोडायचा नाही. सेमीफायनलच्या आदल्या रात्री कॅप्टन रूमवर आला. "डे-स्कॉलरमधला एक जण मिळतोय. जाम फास्ट टाकतो. दोन दिवस आपल्या रूमवर झोपेल, म्हणजे हॉस्टेलचाच झाला की!" यादी पेन्सिलीने लिहिलेली होती. मी खोडरबर घेतला.

आपण कप जिंकलो. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो पोरगा माझ्या शेजारी ताट घेऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, माझं काही चुकलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पर्धा संपत आल्यावर बाहेरचा खेळाडू घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कधीपर्यंत, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. शोधता शोधता कळलं की या प्रश्नावर जगात बरंच डोकं चालवून झालेलं आहे. तेच थोडक्यात मांडतो.

मुंबईचं उदाहरण

आधी आपल्या ओळखीचं. २०२५ ची आयपीएल ९ मे रोजी थांबवावी लागली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली. वेळापत्रक पुढे सरकल्यामुळे बरेच परदेशी खेळाडू प्लेऑफच्या वेळी आपापल्या देशाकडून खेळणार होते. मुंबई इंडियन्सचे विल जॅक्स, रायन रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश हे तिघेही त्यात होते. एरवी त्या वर्षीचा नियम असा होता की बदली खेळाडू संघाच्या बाराव्या सामन्यापर्यंतच घेता येईल. परिस्थिती पाहून ही मुदत सैल केली गेली, पण एक अट घातली : असा तात्पुरता घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षासाठी संघाला राखून ठेवता येणार नाही.

मुंबईने जॉनी बेअरस्टो (५.२५ कोटी), रिचर्ड ग्लीसन (१ कोटी) आणि चरिथ असलंका (७५ लाख) यांना घेतलं, तेही फक्त प्लेऑफसाठी. ३० मेच्या एलिमिनेटरमध्ये बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ धावा ठोकल्या, ग्लीसनने ८० धावांवर खेळणाऱ्या साई सुदर्शनचा त्रिफळा उडवला आणि मुंबईने गुजरातला २० धावांनी हरवलं. म्हणजे साखळीत मुंबईसाठी एकही चेंडू न खेळलेल्या दोघांनी बाद फेरीचा सामना फिरवला. १ जूनला मात्र पंजाबने मुंबईला पाच गडी राखून घरी पाठवलं. कप काही आला नाही.

ही अपवादाची गोष्ट झाली. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे दरवर्षीचं आहे.

बेसबॉलचा हिशोब

आपल्याकडे शाळांमध्ये सॉफ्टबॉल बऱ्याच जणांनी खेळलेला असतो. बेसबॉल त्याचाच थोरला भाऊ. मेजर लीगमध्ये एक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो! साधारण एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत साखळी आणि ऑक्टोबरमध्ये बाद फेरी. यात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळ्यात महत्त्वाचा. पण मुख्य पिचर रोज खेळू शकत नाही. खांदा टिकावा म्हणून साधारण दर पाचव्या सामन्यालाच तो उतरतो.

मोसम चालू असताना संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. याला ट्रेड म्हणतात. यावर कित्येक वर्षं दोन तारखांचं बंधन होतं. ३१ जुलैपर्यंत सरळ ट्रेड. त्यानंतर ज्याला द्यायचं त्याचं नाव आधी बाकीच्या संघांपुढे ठेवायचं. गुणतक्त्यात जो खाली त्याला आधी हक्क. कोणीच मागणी केली नाही तरच हव्या त्या संघाशी सौदा करायचा. याला वेव्हर म्हणत. आणि दुसरी तारीख ३१ ऑगस्ट. त्या मध्यरात्रीपर्यंत जो संघाच्या दफ्तरात आला तोच ऑक्टोबरमध्ये खेळणार. १ सप्टेंबरला आलात तर साखळी खेळा, बाद फेरी मात्र बाकावर बसून बघा.

२०१९ पासून हा ऑगस्टचा मागचा दरवाजा बंद झाला. आता जुलैअखेरीच्या आसपासची एकच तारीख ट्रेडसाठी असते. बाद फेरीच्या पात्रतेची ३१ ऑगस्ट मात्र राहिली.

आता तारीख हवीच कशाला? आपल्या भाषेत सांगतो. सबमिशनची तारीख नसती तर आपण जर्नल व्हायवाच्या दारात बसून लिहिलं असतं, आणि तेही दुसऱ्याचं बघून. तारीख असली की निकाल कळायच्या आधी निर्णय घ्यावा लागतो. शिवाय साखळी जिंकली एका संघाने आणि फायनल खेळला भलताच संघ, असं होत नाही.

तीन सौदे

पहिला सौदा १२ ऑगस्ट १९८७ चा. डेट्रॉइट टायगर्सला गटात पहिलं यायचं होतं. त्या काळी गटात पहिला येणाराच पुढे जायचा. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात खालच्या लीगमधला एक पोरगा दिला. अलेक्झांडर ११ सामन्यांत उतरला. त्याच्या नावावर ९ विजय आणि पराभव शून्य!

आता थोडं गणित. त्याच्या जागी मध्यम दर्जाचा पिचर असता तर ११ पैकी निम्मे, म्हणजे साडेपाच सामने जिंकले असते असं धरू. म्हणजे सौद्याचा फायदा किमान साडेतीन विजयांचा. डेट्रॉइटने गट किती फरकाने जिंकला? फक्त दोन सामन्यांच्या. म्हणजे सौदा नसता तर बहुधा गट हातचा गेला असता. कागदावर सौदा शंभर टक्के यशस्वी! पुढे बाद फेरीत मात्र अलेक्झांडर दोनदा उतरला, दोन्हीदा हरला आणि डेट्रॉइट ४-१ ने बाहेर पडलं.

आणि तो पोरगा? जॉन स्मोल्ट्झ. मिशिगनचाच, म्हणजे डेट्रॉइटच्या घरचा. वय वर्षं वीस, म्हणजे आत्ताच्या माझ्याएवढा. पुढे २१३ विजय, १५४ सेव्ह आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. हे सगळं कमावलं ते मुख्यतः अटलांटासाठी.

दुसरा सौदा ३० ऑगस्ट १९९० चा, मुदतीच्या एक दिवस आधीचा. बोस्टन रेड सॉक्सने ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला आणि ह्यूस्टनला २२ वर्षांचा जेफ बॅगवेल दिला. बॅगवेलच्या जागेवर बोस्टनकडे आधीच वेड बॉग्ससारखा मोठा खेळाडू होता, त्यामुळे हा जास्तीचा वाटला. अँडरसनने १५ सामन्यांत २२ इनिंग अगदी झकास टाकल्या, बोस्टनने गटही जिंकला, पण बाद फेरीत ४-० असा फडशा पडला. मोसम संपताच अँडरसन दुसऱ्या संघात गेला. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

तिसरा सौदा उलटा. ३१ ऑगस्ट २०१७ ला मध्यरात्र अगदी तोंडावर असताना ह्यूस्टनने डेट्रॉइटकडून जस्टिन व्हर्लँडर घेतला आणि तीन तरुण पोरं दिली. व्हर्लँडरने सप्टेंबरात पाचपैकी पाच सामने जिंकले आणि ह्यूस्टनने आपली पहिली वर्ल्ड सीरीज जिंकली. दिलेल्या तिघांपैकी एक पुढे डेट्रॉइटचा कॅचर झाला, पण स्मोल्ट्झ कोणी झाला नाही. (त्या वर्षी ह्यूस्टनचे बॅटर कॅमेरा लावून समोरच्यांच्या खुणा चोरत होते असं नंतर सिद्ध झालं आणि २०२० मध्ये शिक्षाही झाल्या. तो वेगळा विषय.)

म्हणजे असा सौदा नेहमी फसतो असं नाही. फरक असा की मिळणारं डोळ्यांसमोर असतं आणि जाणारं पुढच्या दहा वर्षांत असतं. दहा वर्षं कोणाला दिसतात?

घरच्यासाठी फट

याच नियमात एक फट होती. ३१ ऑगस्टला यादीत असलेला कोणी जखमी असेल तर त्याच्या जागी आपल्याच खालच्या संघातला खेळाडू घेता यायचा. २००२ मध्ये अ‍ॅनाहाइम एंजल्सने फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ नावाचा पोरगा सप्टेंबरात वर आणला. साखळीचे जेमतेम पाच सामने खेळला आणि त्याच फटीतून बाद फेरीत गेला. तिथे त्याने पाच सामने जिंकून दिले आणि एंजल्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सीरीज जिंकली. त्याचंही वय वीसच!

मला ही गोष्ट फार आवडते. ज्या तारखेने बाहेरच्याला दार लावलं, तिनेच घरच्या पोराला ते किलकिलं ठेवलं.

नातेपुत्याचा फलक

आमचं घर नातेपुत्यात. पुणे-पंढरपूर रस्त्यावरचं, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. सुट्टीत घरी गेलो की रस्त्याच्या कडेला टेनिस क्रिकेटचे फलक दिसतात. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, प्रवेश फी, सौजन्य करणाऱ्यांचे फोटो आणि खाली दोन ओळी : 'एक गाव एक संघ. आधार कार्ड आवश्यक.' लहानपणापासून बघतोय, पण त्या ओळींचा अर्थ या वर्षी कळला. ही आमच्याकडची ३१ ऑगस्ट!

आमचे एक काका अशा स्पर्धांच्या टेबलावर नावं लिहायला बसतात. त्यांना विचारलं, "काका, ओपन स्पर्धेत बाहेरचे तगडे प्लेयर येतात, पब्लिकही जास्त जमतं. मग ही अट कशाला?"

काका म्हणाले, "आरं, बाहेरचा आणला की कप येतो गावात. पण गावातली पोरं ग्राउंडवर यायची बंद होतात. मग पुढच्या साली टीम कुठनं आणायची?" आणि वही दाखवत म्हणाले, "नाव लिहायच्या आधी पाहिजे तेवढं भांडा. शाई वाळली की भांडण मिटलं."

शाई! आणि माझी यादी पेन्सिलीने होती.

मग आपण काय करायचं?

बाहेरचा खेळाडू घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. स्मोल्ट्झला अटलांटात खेळायला मैदान मिळालं, बॅगवेलला ह्यूस्टनमध्ये जागा मिळाली. ट्रेडमध्ये ज्याला देतात तो निदान दुसरीकडे खेळतो. आम्ही त्या पोराला कोणालाच दिलं नाही, नुसतं खोडलं. हा फरक मला कळायला वर्ष लागलं.

म्हणून जिमखान्याला आणि रेक्टर सरांना तीन सूचना करतो :

१. यादी शाईने लिहावी आणि साखळीच्या चौथ्या सामन्याआधी जमा करावी.

२. साखळीत किमान दोन सामने जो खेळला तोच सेमीफायनल खेळेल. दोन रात्री रूमवर झोपून कोणी हॉस्टेलचा होणार नाही.

३. कोणी जखमी झाला तर बदली आपल्याच विंगमधून आणि रेक्टर सरांच्या सहीनेच.

याने आमच्या विंगचा कप कदाचित जाईल. जाऊ दे. दोन सामन्यांच्या फरकाने डेट्रॉइटनेही गट जिंकलाच होता.

आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर. नाही रे, तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. हे छापून यायच्या आधी तोंडाने सांगावं म्हणून परवा त्याच्या रूमवर गेलो. या वर्षीची यादी नेली होती, शाईने लिहिलेली, पहिलं नाव त्याचं. त्याने वाचली, परत दिली आणि म्हणाला, "बघतो दादा, सबमिशन आहे."

यादी मी अजून जमा केलेली नाही. मुदतीला अजून चार दिवस आहेत.